क्लच नुसता हळू सोडून भागत नाही

गाडी शिकणाऱ्याच्या शेजारी जो कोणी बसतो तो एकच सांगतो: क्लच हळू सोड. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि त्यातून दोन तऱ्हेचे चालक तयार होतात. एक जण पेडल तळापासून वरपर्यंत एकाच संथ गतीने सोडत बसतो. मागचा हॉर्न मारायला लागला की घाबरून पाय झटकन काढतो आणि गाडी गचके खाऊन बंद पडते. दुसरा बंद पडायच्या भीतीने आधीच दणदणीत रेस देतो आणि क्लच अर्धवट धरून ठेवतो. याची गाडी बिनझटक्याची निघते, पण दर सिग्नलला क्लच प्लेट थोडी थोडी जळत राहते.

दोघांनाही मुद्द्याची गोष्ट कोणी सांगितलेली नसते. पेडलच्या सगळ्या प्रवासात सावकाशीची गरज आहे ती फक्त मधल्या, जिथे क्लच पकडतो त्या, दोन-तीन सेंटिमीटरना. त्या पट्ट्याच्या आधी पाय भरभर उचलला तरी काही बिघडत नाही आणि त्याच्या नंतर तर तो लवकर निघायलाच हवा. त्या पट्ट्यात मात्र नुसतं हळू जाऊन पुरत नाही, पाय थांबवावा लागतो.

आत काय चालतं

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतच राहते. तिच्या अंगाला लागून क्लच प्लेट असते, दोन्ही बाजूंना लायनिंग (घासणारं अस्तर) लावलेली, आणि ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली असते. डायफ्रॅम स्प्रिंगच्या जोरावर प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या पाकळ्या दाबतं, प्रेशर प्लेट मागे हटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहतं, पण चाकांपर्यंत काही पोचत नाही.

पेडल पूर्ण दाबलेलं असताना प्लेट झिजत नाही, पूर्ण सोडलेलं असतानाही झिजत नाही. फ्लायव्हील एका वेगाने आणि प्लेट दुसऱ्या वेगाने फिरत एकमेकींवर घासतात, तेवढ्याच वेळात काय ती झीज होते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. तो वाईट नाही, त्याच्याशिवाय गाडी जागची हलणारच नाही. प्रश्न एवढाच, की तो किती सेकंद आणि किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, वापरायचा.

याचा हिशेब करता येतो आणि तो डोळे उघडणारा आहे. सपाट रस्त्यावर इंजिनचे आरपीएम स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लचमध्ये तयार होणारी उष्णता साधारण गाडीच्या गतिज ऊर्जेइतकी असते. म्हणजे क्लच पूर्ण पकडला त्या क्षणी गाडीत जेवढी असते तेवढी. ११०० किलोची छोटी हॅचबॅक घ्या. पहिल्या गिअरमध्ये १००० आरपीएमला तिचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्यावर क्लच पकडला तर उष्णता अडीच किलोज्यूलच्या आत राहते. तीच गाडी २५०० आरपीएमची रेस धरून काढली तर वेग अडीचपट, पण उष्णता वर्गाच्या हिशेबाने सव्वासहापट, म्हणजे पंधरा किलोज्यूलच्या घरात. एकदा निघण्यात सहा वेळा निघण्याची झीज!

चढावर आणखी वाईट. तीच गाडी, आत दोन माणसं, दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता, आणि ब्रेक न लावता गाडी नुसती हाफ क्लचवर तोलून धरलेली. १००० आरपीएमला क्लचमध्ये अडीच किलोवॅट उष्णता तयार होत राहते. बाथरूममधला गिझर बहुधा दोन किलोवॅटचा असतो. असं दहा सेकंद धरलं तर सपाटीवरच्या दहा नीट सुरुवातींइतकी उष्णता तळहातांएवढ्या लायनिंगमध्ये कोंडते. म्हणून चढावरच्या रांगेत तो करपल्यासारखा उग्र वास येतो.

बसणं आणि पाय

सीट पुढे-मागे करताना निकष एकच: क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही, क्लच प्लेट पुरती मोकळी होत नाही आणि गिअर टाकताना खर्र आवाज येतो. पेडलवर तळव्याचा पुढचा फुगीर भाग ठेवा, बोटं नाहीत आणि मधला खळगाही नाही. पेडल तळाशी असताना टाच उचलली गेली तर हरकत नाही, पण पकडीच्या पट्ट्यात आल्यावर ती जमिनीला टेकलेली असावी. टाच टेकलेली असली की घोट्यातून मिलिमीटरचा फरक करता येतो. मांडीतून पाय उचलणाऱ्याला तो जमत नाही, त्याची गाडी सकाळी एका तऱ्हेने आणि संध्याकाळी दुसऱ्याच तऱ्हेने निघते.

मॅटकडे कोणी बघत नाही. गाडी घेतली की दुकानदार जाड सेव्हन-डी मॅट गळ्यात मारतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावर रबरी मॅट टाकली जाते. पेडलखाली दीड-दोन सेंटिमीटरचा थर साचला की पेडल तेवढं कमी खाली जातं. पहिला किंवा रिव्हर्स गिअर अडकत पडत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी मॅट काढून बघा. पादत्राणंही तशीच महत्त्वाची. सुटी चप्पल पेडलखाली मुडपते आणि जाड तळाच्या बुटातून पकड जाणवत नाही. पातळ तळाचा, मागून पाय धरून ठेवणारा बूट किंवा सँडल सगळ्यात चांगला.

पकड शोधणं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षेसाठी तो हवाच, पण पुष्कळदा शिकणाऱ्याच्या गाडीचा क्लच प्रत्यक्षात प्रशिक्षकच सांभाळत असतो आणि शिकणाऱ्याला पकड कधी कळतच नाही. म्हणून लायसन्स हातात आल्यावरही हा सराव स्वतःच्या गाडीवर वेगळा करावा लागतो. मोकळं, सपाट मैदान हवं. एसी आणि गाणी बंद ठेवा, खिडकी खाली करा.

इंजिन चालू करून दोन मिनिटं जाऊ द्या, म्हणजे आरपीएम ७५० ते ९०० च्या दरम्यान स्थिरावतील. क्लच तळापर्यंत दाबा, पहिला टाका, हँडब्रेक सोडा. उजवा पाय ब्रेकवरून काढून नुसता बाजूला ठेवा, अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय. आता डावा पाय वर येऊ द्या. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका ठिकाणी तीन गोष्टी एकदम घडतात: इंजिनचा आवाज किंचित जड होतो, काटा शंभरेक आरपीएमने खाली येतो, आणि पेडलमधून तळव्याला बारीक थरथर जाणवते. हीच पकड. पाय तिथेच गोठवा. गाडी हळूच सरकायला लागेल. ती सरकली म्हणून लगेच पाय सोडायचा नाही. "एक हजार एक, एक हजार दोन" एवढं मनात म्हणेपर्यंत पाय तिथेच. तेवढ्यात गाडी माणसाच्या चालीचा वेग पकडते, आवाज पुन्हा हलका होतो, काटा वर येतो. आवाज हलका झाला याचा अर्थ फ्लायव्हील आणि प्लेट एका वेगाने फिरू लागल्या. आता पेडल सोडून दिलं तरी झटका येऊ शकत नाही, कारण दोघींच्या वेगात फरकच उरलेला नाही.

नवशिक्याची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच. गाडी हलली की त्याला वाटतं काम झालं, आणि तो उरलेलं पेडल सोडून देतो. पण गाडी हलणं ही सुरुवात असते. चाकं अजून ताशी दोन किलोमीटरला आणि इंजिन सहाच्या आसपासच्या वेगाला. तो फरक एका क्षणात मिटवायला गेलं की एकतर गाडी उडी मारते किंवा इंजिन दबून बंद पडतं.

हल्लीच्या गाड्यांत कंट्रोल युनिट इंजिनवर भार आला की आयडल, म्हणजे रेसशिवायचा इंजिनचा वेग, स्वतःच सांभाळतं, त्यामुळे सपाटीवर रेसशिवाय गाडी निघते. जुन्या गाड्यांना थोडी रेस द्यावी लागते. रेसशिवाय निघणं वीसेक वेळा सलग जमलं की मग अॅक्सिलरेटर आणा: आधी १२०० ते १५०० आरपीएम स्थिर धरा, मग क्लच पकडीपर्यंत आणा, थांबा, आणि गाडी वेग घेईल तसा उजवा पाय थोडा दाबत डावा सोडा. पकडीवर आल्यावर रेस देण्यापेक्षा आधी रेस स्थिर करणं सोपं जातं. आरपीएम वरखाली होत असतील तर डावा पाय कितीही तयार असला तरी गाडी डुलतेच.

गिअर बदलताना

गाडी चालू लागल्यावर सगळ्यात जास्त झटके पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना बसतात, कारण या दोन गिअरच्या प्रमाणांतलं अंतर सगळ्यात मोठं असतं. पहिल्याचं प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ असेल, तर २५०० आरपीएमला गिअर बदलल्यावर इंजिनला १३५० च्या आसपास यावं लागतं. ते स्वतःहून खाली येण्याआधी क्लच सोडला की गाडी पुढे ढकलल्यासारखी होते, आणि फार उशीर केला तर मागे ओढल्यासारखी. नव्या बीएस ६ (भारत स्टेज ६) गाड्यांत उत्सर्जनाच्या नियमांपायी पाय काढल्यावरही आरपीएम रेंगाळत खाली येतात. म्हणून अशा गाडीत गिअर दुसऱ्यावर गेल्यावर क्लच सोडताना पकडीपाशी अर्धा सेकंद थांबलंच पाहिजे. तिसऱ्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून पाचव्यावर अंतर कमी असतं. तिथे एवढी नजाकत लागत नाही, सरळ सोडा.

पायांचा क्रम असा: अॅक्सिलरेटर सुटायला लागतो त्याच क्षणी क्लच जातो, तळापर्यंत. अर्धवट दाबून गिअर टाकायची सवय असेल तर गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या (गिअर पडताना आतले वेग जुळवून देणाऱ्या भागाच्या) रिंगा झिजतात, आणि ते काम क्लचपेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता एका सवयीबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं, कारण ती सगळीकडे दिसते: स्पीडब्रेकरवर जवळजवळ थांबलेली गाडी दुसऱ्या गिअरवर उचलायची. "दुसऱ्यावर आरामात उचलते" असं कौतुकाने सांगितलं जातं. उचलते, पण कोणाच्या जिवावर? दुसऱ्यात १००० आरपीएमला वेग तेरा-चौदा किलोमीटर असतो. तेवढा वेग येईपर्यंत क्लच घासत राहतो आणि पहिल्या गिअरच्या तुलनेत उष्णता तिपटीहून जास्त होते. ताशी दहाच्या खाली वेग आला की पहिला टाकावा, एवढा साधा नियम आहे. गाडी हळू सरकत असताना पहिला जात नसेल तर ब्रेकने वेग आणखी कमी करा, जबरदस्ती करू नका.

गिअर कमी करताना उलटं गणित. तिसऱ्यात १५०० आरपीएमला चाललेली गाडी दुसऱ्यात आली की इंजिनला २२०० च्या वर जायचं असतं. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने छोटी टिचकी मारून आरपीएम वर आणले आणि मग क्लच सोडला, तर आत बसलेल्याला गिअर बदलल्याचं कळतही नाही. टिचकी जमत नसेल तर निदान आधी ब्रेकने वेग कमी करा, मग गिअर, आणि क्लच पकडीपाशी थांबून सोडा. पावसात ओल्या वळणावर दुसरा टाकून क्लच एकदम सोडणं धोक्याचं आहे, कारण इंजिन पुढच्या चाकांना एकाएकी मागे खेचतं आणि ती घसरू शकतात.

ब्रेकबरोबर दर वेळी क्लच दाबायची सवयही सोडायला हवी. इंजिन बंद पडेल या भीतीने ती लागते. पण गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन स्वतः गाडीला रोखतं आणि आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत त्या वेळी इंधनही बंद होतं. क्लच दाबलात की हे दोन्ही फायदे गेले. आरपीएम १००० च्या जवळ येतील तेव्हाच क्लच दाबा. अचानक समोर काही आलं तर मात्र दोन्ही पाय एकदम, पूर्ण जोराने.

गर्दी

मुंगीच्या पावलाने चाललेल्या गर्दीत क्लच वाचवायचा एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे पुढे जागा पडू देणं. पुढची गाडी चार फूट सरकली की आपणही चार फूट, असं केलं तर प्रत्येक सरकणं हाफ क्लचवर होतं, क्लच कधी पूर्ण सुटतच नाही. गाडीभर अंतर पडू द्या. मग पहिल्यात निघून क्लच पूर्ण सोडा. सपाटीवर गाडी रेसशिवाय ताशी सहा-सातने स्वतःच चालत राहील, पाय मोकळा. मधे एखादी रिक्षा घुसेल, घुसू दे.

सिग्नलला दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि डावा पाय पेडलवरून खाली. पहिला टाकून क्लच दाबून बसण्याने प्लेट झिजत नाही हे खरं, पण रिलीज बेअरिंग तेवढा वेळ दाबाखाली फिरत राहतं, आणि पाय चुकून घसरला तर गाडी समोरच्या माणसावर जाते. आकडे दाखवणाऱ्या सिग्नलवर तीन-चार उरले की गिअर टाकावा, बक्कळ वेळ मिळतो. चालत्या गाडीत तर डाव्या पायाची जागा क्लचच्या डावीकडच्या फूटरेस्टवर. पेडलवर नुसता टेकवलेला पायही स्प्रिंगचा दाब कमी करतो, आणि भार पडल्यावर प्लेट न कळत सरकू लागते.

चढाची रांग

सिंहगडाचा घाटरस्ता हे याचं चांगलं उदाहरण आहे. अरुंद रस्ता, तीव्र वळणं, आणि पावसाळ्यातल्या रविवारी वरून उतरणाऱ्या आणि खालून चढणाऱ्या गाड्या एकमेकींसमोर अडकलेल्या. तिथे क्लच जळतो तो गाडी मागे घरंगळण्याच्या भीतीने, कारण मागची गाडी बंपरला चिकटलेली असते.

अशा ठिकाणी हँडब्रेक हाच खरा आधार. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पाय सोडा. पुढची गाडी पुरती निघून दोन गाड्यांची जागा होईपर्यंत हलू नका. मग क्लच, पहिला, रेस १५०० ते १८०० वर स्थिर. क्लच पकडीपर्यंत आणा. चढावर पकडीची खूण आणखी ठळक असते: बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं आणि हँडब्रेकने धरलेली गाडी मागून बसल्यासारखी वाटते. ही खूण दिसली की डावा पाय अजिबात न हलवता हँडब्रेकचं बटण दाबून तो खाली करा. गाडी मागे न येता पुढे निघेल. मागे सरकली तर पकड पुरती आलेली नव्हती. रेस न वाढवता हँडब्रेक पुन्हा ओढा आणि पुन्हा सुरू करा. गाडी पुढे चालू लागल्यावर क्लच दोन सेकंदांत पूर्ण सुटला पाहिजे, चढ आहे म्हणून जास्त वेळ धरून ठेवायचा नसतो.

सौम्य चढावर हँडब्रेकशिवायही जमतं: उजवा पाय ब्रेकवर ठेवून डाव्याने पकड आणा, आवाज जड झाला की उजवा पाय पटकन अॅक्सिलरेटरवर न्या. डिझेल गाडीला आयडललाच भरपूर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) असतो, तिला हे सहज जमतं. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरली जाते. ती दोन सेकंद म्हणजे नेमकी पकड शोधायची वेळ. पण पाय त्या भरवशावर सैल पडता कामा नये, दोन सेकंदांनंतर ती सोडणारच आहे.

एक लिटरच्या पेट्रोल गाडीत पाच माणसं आणि वर एसी चालू असेल तर तीव्र चढावर निघण्यापुरता एसी बंद करा. सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा कमी मिळते, त्यामुळे तेवढ्याच चढाला जास्त रेस आणि जास्त हाफ क्लच लागतो. घाटाच्या पायथ्याशी गाडी पेट्रोलवर घेणं शहाणपणाचं. टर्बो पेट्रोलचा स्वभाव वेगळा. १५०० च्या खाली ती अशक्त असते, तिथे पकड आणली की पटकन बंद पडते, आणि टर्बो जागा झाला की एकदम ओढते. अशा गाडीत आधी रेस १६००-१७०० वर स्थिर करणं जास्त महत्त्वाचं.

वास आलाच तर पुढच्या रुंद, सपाट जागेवर थांबा. न्यूट्रल, क्लच सोडलेला, इंजिन आयडलला, पंधरा-वीस मिनिटं. बरेच जण अशा वेळी क्लच दाबून बसतात, ते करू नका. पाणी मारायचं तर मनातही आणू नका.

उताराबद्दल थोडक्यात. आंबेनळी किंवा वरंध घाट ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा आणि क्लचला हात... पाय लावू नका. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून सोडलेली गाडी फक्त ब्रेकवर असते, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

रिव्हर्स

रिव्हर्सचं प्रमाण पहिल्या गिअरच्या आसपासच असतं, पण आपल्याला जायचं असतं त्याहूनही हळू. म्हणून रिव्हर्समध्ये हाफ क्लच टळत नाही. सपाट पार्किंगमध्ये रेसशिवाय, नुसत्या पकडीवर पाय किंचित वरखाली करत गाडी हवी तशी सरकते. सोसायटीच्या तळघरातून रॅम्पवर उलटं चढणं मात्र क्लचला सगळ्यात जड जाणारं काम आहे. रात्री गाडी उलटी लावून ठेवली तर सकाळी सरळ तोंडाने चढता येते.

बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग रिव्हर्स टाका. तरी खर्र वाजलं तर आधी पहिला टाकून लगेच रिव्हर्स टाका. पहिल्याचा सिंक्रोनायझर आतला फिरता शाफ्ट थांबवून देतो.

बिघाड ओळखणं

चांगल्या पायाखाली क्लच लाखभर किलोमीटर सहज जातो, वाईट पायाखाली त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतो. संपत आल्याची पहिली खूण वरच्या गिअरमध्ये दिसते: चौथ्यात-पाचव्यात चढावर पाय दाबला की आरपीएम भसकन वाढतात, वेग मात्र तेवढाच. खात्री करायची तर सपाटीवर, समोर मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा टाका आणि रेसशिवाय क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घरघरत रेंगाळलं किंवा चालूच राहिलं तर प्लेट सरकते आहे. ही चाचणी एकदाच करा, परत परत नाही.

निघताना गाडी थरथरत असेल तर दर वेळी दोष पायाचा नसतो. लायनिंगवर तेल उतरलेलं असू शकतं, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले असू शकतात, किंवा इंजिनला धरून ठेवणारे रबरी माउंटिंग बसलेले असू शकतात. माउंटिंग आधी तपासायला सांगा, ते गिअरबॉक्स न उतरवता कळतं. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल आणि सोडल्यावर थांबत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. केबलवर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर केबल आतून सुकली किंवा तिच्या तारा तुटायला लागल्या. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या गाडीत पेडल मऊ पडलं किंवा खालीच राहिलं तर गळती किंवा आत शिरलेली हवा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून येतं, म्हणून हे लक्षण दिसल्यावर गाडी तशीच दामटू नये.

क्लच बदलताना नुसती प्लेट बदलून पैसे वाचवायचा मोह होतो. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, तो एकदाच द्यावा: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलची घासणारी बाजू स्वतः उभं राहून बघा. नव्या प्लेटला पहिले पाचशे किलोमीटर जपा. भरलेली गाडी घेऊन घाटात जाणं, दुसऱ्या गाडीला ओढणं, जास्त रेसवर निघणं टाळा. केबलच्या गाडीत झिजलेल्या प्लेटची पकड पेडलच्या वरच्या भागात गेलेली असते, नवी प्लेट बसली की ती खाली येते. जुन्या सवयीने पाय नवी पकड ओलांडून वर जाईल आणि गाडी झटका देईल, म्हणून गॅरेजच्या आवारातच दोन-चार वेळा रेसशिवाय गाडी हलवून मगच रस्त्यावर काढा.